पेंचचे पूल झाले, बाकी रस्त्यांचं काय

आपल्या नागपूरकरांना पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या अंडरपासचं भारी कौतुक, अन् ते असायलाच पाहिजे. जबलपूर रोडने मनसर, देवलापार करत खवासाकडे निघालं की जंगलात रस्ता पुलावर चढतो, वरून ट्रक अन् खालून जनावरं. असे एकूण ९, सगळ्यात छोटा ५० मीटरचा अन् मोठा ७५० मीटरचा. खवासाच्या पुढे मध्य प्रदेशात तर आवाज अन् हेडलाइट अडवायला बाजूने भिंतीही आहेत. हे काही कोणी प्रेमाने बांधून दिलं नाही बरं का, चौपदरीकरणाचा वाद वर्षानुवर्षं चालला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, तेव्हा कुठे झालं.

तेव्हा लोक म्हणायचे वाघ का पुलाखालून जाणार आहे, त्याला काय बोर्ड वाचता येते? मग २०१९ मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने खाली ट्रॅप कॅमेरे लावले तर दहा महिन्यात १८ जातीची जंगली जनावरं सापडली, त्यात ११ वेगवेगळे वाघ, अन् वाघ ८९ वेळा खालून गेलेले. वाघाटी पण होती, म्हणजे ते मांजरकुळातलं एवढंसं जनावर, घरच्या मांजरीपेक्षाही लहान. म्हणजे वाट दिली तर मांजरकुळातली लहानमोठी सगळी वापरतात, तो मुद्दा संपला.

पण मग आपण तिथंच थांबलो ना राजेहो. अमरावती रोडवर बाजारगावजवळ डिसेंबर २०१७ मध्ये बोर व्याघ्र प्रकल्पातला बाजीराव नावाचा वाघ गाडीखाली गेला, एवढा मोठा नर. अन् ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रोडवर मुरदोलीच्या जंगलात एका कारने जवान वाघ उडवला, त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्याच मोबाईलवर आला होता, जखमी वाघ रस्त्यावरून सरपटत झाडीत जातो तो. मला तो पूर्ण पाहवला नाही. उपचाराला इकडे नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात आणतानाच गेला.

कोणी म्हणेल दोन-चार वाघाने काय होते. होते ना. वाघ दोनेक वर्षाचा झाला की आईचा इलाका सोडून नवीन जागा शोधायला निघतो, खासकरून नर. बोर घ्या, प्रकल्पाचा गाभा अवघा १३८ चौरस किलोमीटरचा, तिथे किती वाघ मावतील? ते बाहेर पडणारच, अन् एका जंगलाचं रक्त दुसऱ्या जंगलात नेणारे हेच भटके असतात. रस्त्यावर मरतात ते बहुतेक हेच. अन् जे मरत नाहीत त्यातले कित्येक रात्रभर चाललेले ट्रक पाहून वापस फिरतात, ते तर कोणत्याच आकड्यात येत नाहीत. असे दोन्ही बाजूचे वाघ अडकून पडले तर नात्यातल्या नात्यात पिल्लं होतात, हळूहळू तिथले वाघ कमजोरच होणार.

माझं म्हणणं एवढंच की सगळी चर्चा नॅशनल हायवेची होते अन् मधले साधे दुपदरी रस्ते कोणी पाहत नाही. ते नुसते रुंद अन् गुळगुळीत करून ठेवतात, म्हणजे आधी खड्ड्यामुळे चाळीसने जाणारा माणूस आता शंभरने हाणतो. प्रत्येक ठिकाणी ७५० मीटरचा पूल होणार नाही, मान्य, खर्च आहे. पण जंगलाच्या पट्ट्यात दणकट स्पीडब्रेकर टाकायला काय जाते? कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलात तर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ गाड्या बंद आहेत, अन् त्याविरुद्ध केवढी बोंबाबोंब झाली तरी ती टिकली. आपल्याकडे नुसता वाघाचा फोटोवाला पिवळा बोर्ड, त्याच्यासमोर सेल्फी घेतात अन् पुन्हा ॲक्सिलरेटर दाबतात.

अन् ते मुरदोलीसारखे पट्टे काही गुपित नाहीत, नवेगाव-नागझिऱ्याचे वाघ कुठून रस्ता ओलांडतात हे तिथल्या गुराख्यालाही माहीत असते. पुढच्या वेळी रस्ता रुंद करायचं टेंडर काढाल तेव्हा आधी त्याला विचारा.