सायक्लोक्रॉसची पहिली शर्यत: आधी हवा, मग पाय

हौशी गटाची सायक्लोक्रॉस शर्यत साधारण 30 ते 45 मिनिटांची असते. अडीच-तीन किलोमीटरची फेरी, त्यात गवत, चिखल, वाळू, तिरके उतार, दोन आडव्या फळ्या आणि एखादा असा चढ, की सायकल खांद्यावर टाकून पळावंच लागतं. नवे स्पर्धक महिनोन्महिने दम वाढवतात आणि मार खातात तो भलतीकडेच. एक तर टायरमध्ये हवा जास्त असते. दुसरं, दर अडथळ्यापाशी उतरता-चढताना तीन-चार सेकंद जातात. फेरीत चारदा उतरायचं आणि सहा फेऱ्या म्हटलं, तर सव्वा ते दीड मिनिट तिथेच गेलं. एवढा वेळ पायांच्या जोरावर भरून काढणं फार अवघड.

म्हणून आधी हवा. यूसीआयच्या, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाप्रमाणे टायर जास्तीत जास्त 33 मिलिमीटर रुंद. स्थानिक शर्यतीत बऱ्याचदा एमटीबीही (माउंटन बाइक) चालते, नियमपत्रक बघून घ्या. वजन 70 किलोच्या आसपास आणि टायर ट्यूबलेस असेल, तर कोरड्या गवतावर मागे 27-28 आणि पुढे 25-26 पीएसआयपासून सुरुवात करा. ओल्या, निसरड्या जमिनीवर 20-22 पर्यंत उतरता येतं. आत ट्यूब असेल तर मात्र 30 च्या खाली जाताना जपून. मुळावर किंवा दगडावर टायर दबला, की ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चेपते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. पंपावरचा काटा इतक्या कमी दाबाला भरवशाचा नसतो. वेगळा डिजिटल गेज घ्या आणि दर वेळी तोच वापरा.

योग्य दाब मैदानावरच सापडतो. फेरीतला सगळ्यात खडबडीत तुकडा आणि सगळ्यात तीव्र वळण निवडा, तिथून शर्यतीच्या वेगाने जा, एक-एक पीएसआय कमी करत पुन्हा जा. अख्ख्या फेरीत एखाद-दुसऱ्या वेळी रिम हलकेच टेकल्याचं जाणवलं, तर दाब जमला. दर खड्ड्याला ठण्ण वाजत असेल, किंवा वळणात टायर खालून दुमडून फुस्सकन हवा सुटत असेल, तर दोन पीएसआय वाढवा.

आता उतरणं. फळीच्या दहा-पंधरा मीटर आधीच हलक्या गिअरवर या. भारी गिअरमध्ये उतरलात, तर पुन्हा चढल्यावर पेडल हलत नाही आणि मागचे दोघे पुढे निघून जातात. उजवा पाय सीटवरून मागून फिरवून डावीकडे आणा, उजवा हात टॉप ट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीवर ठेवा आणि भार त्या हातावर घ्या. डावं पाऊल पेडलमधून मोकळं होताच पळायलाच लागा. थांबून उभं राहायचं नाही, वेग तुटता कामा नये. या सगळ्यात ब्रेकवर फक्त डावा हात उरतो. डाव्या लिव्हरला पुढचा ब्रेक असेल आणि घाईत तो दाबला गेला, तर मागचं चाक उचललं जातं. त्यामुळे डावीकडे मागचा ब्रेक जोडून घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. फक्त हा बदल शर्यतीच्या आदल्या दिवशी करू नका. हाताला सवय व्हायला वेळ लागतो.

दोन फळ्यांसाठी टॉप ट्यूब धरून सायकल उचलली तरी पुरते. लांब चढ असेल तर खांदाच बरा: उजवा हात फ्रेममधून डाउन ट्यूबखालून (खालच्या तिरक्या नळीखालून) घालून हँडलबारचा डावा ड्रॉप, म्हणजे खाली वळलेला भाग पकडा, म्हणजे पुढचं चाक हेलकावे खात नाही. बाटलीचे स्टँड आधीच काढून ठेवा, ते आड येतात. इतक्या छोट्या शर्यतीत पाण्यावाचून अडत नाही.

पुन्हा सायकलवर चढताना बहुतेक जण सीटपाशी दोन-तीन छोट्या उड्या मारतात. भीती असते सीटवर आदळण्याची. उजव्या मांडीची आतली बाजू सीटवर टेकवा आणि मग सरकून मध्ये या, आदळत नाही. आधी चालत्या वेगात करा, मग पळत. आठवड्यातून दोनदा गवतावर 20-20 मिनिटं केलंत, तर महिन्याभरात अंगवळणी पडतं.

वाळूत वेगाने आणि थोड्या भारी गिअरने शिरा. वजन मागे, हात सैल, आणि आधीच्या सायकलींची चाकोरी सोडू नका; ब्रेक लावलात की पुढचं चाक रुतलंच. तिरक्या उतारावर शक्य तितकं वरून शिरा, कारण घसरून खाली यायचंच आहे. उताराकडचं पेडल खाली, त्यावर भार, वरच्या बाजूचा पाय गरज पडल्यास मोकळा. ब्रेक शिरण्याआधी, आत अजिबात नाही.

सुरुवात जोरातच करावी लागते. पहिल्या अरुंद वळणावर रांग तुंबते, आणि मागे राहिलात तर पाय शाबूत असून उभं राहावं लागतं. त्यासाठी अंग तापलेलं हवं: 20-25 मिनिटं सायकल चालवा, त्यात 30-40 सेकंदांचे दोन-तीन जोर, आणि शेवटचा जोर शिट्टीच्या दहा मिनिटं आधी संपवा.

चिखलात गवत मागच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागात) गुंडाळतं. चेन अडकल्यासारखी वाटली तर जोर लावू नका, डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, म्हणजे हँगर तुटतो आणि शर्यत तिथेच संपते. उतरा, हाताने गवत ओढून काढा. दहा सेकंदांचं काम. आपल्या फ्रेमचा एक जादा हँगर पिशवीत असू द्या. शर्यतीनंतर सायकल धुताना पाण्याचा झोत हब (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलच्या दांड्यांमधल्या बेअरिंगवर) थेट मारू नका आणि ब्रेक पॅड काढून बघा. वाळूमिश्रित चिखलात रेझिन पॅड एका शर्यतीतही संपू शकतात. अशा मैदानासाठी सिंटर्ड, म्हणजे धातूमिश्रित पॅड लावा.