रोबोच्या कंपनीत पैसे घालताना

‘रोबो नि एआयच्या एवढ्या नव्या कंपन्या निघतायत, त्यातली टिकणारी ओळखायची कशी?’ भोसरीत माझा एसपीएम, म्हणजे एकेका कामासाठी खास मशिनं, बनवायचा धंदा आहे. अशा दोन-चार कंपन्यांत थोडे पैसेही घातलेत. त्यामुळे लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न येतो. तुम्हीही विचारलंत, तर सांगतो.

मी दुसरी ऑर्डर बघतो. पहिली ओळखीवर मिळते, नाहीतर प्लांट हेडला वरच्यांना काहीतरी ‘एआय’ दाखवायचं असतं म्हणून. त्याच गिऱ्हाइकानं आपणहून दुसरा पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, काढला, की समजायचं पहिलं मशीन खरोखर चालतंय.

चाकणच्या एका कारखान्यातलं सांगतो. ट्रेमध्ये अस्ताव्यस्त पडलेली ॲल्युमिनियमची कास्टिंग कॅमेऱ्यानं ओळखायची, रोबोनं उचलून सीएनसीत, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटाई मशीनमध्ये, लावायची, असं काम एका नव्या कंपनीतल्या पोरांनी घेतलेलं. ऑफिसातला डेमो झकास. शॉपवर मात्र दुपारी छताच्या पारदर्शक पत्र्यातून ऊन आलं की कास्टिंग चमकायची आणि कॅमेरा आंधळा व्हायचा. कूलंटचा, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, तुषार लेन्सवर बसायचा, तो ऑपरेटर हातातल्या कॉटन वेस्टनं, म्हणजे सुताच्या गुंत्यानं, पुसायचा. त्यात धातूचा चुरा, म्हणजे ओरखडे आलेच. पोरांनी एआय मॉडेलला आणखी हजारो फोटो दाखवले, फरक शून्य. शेवटी त्यांच्यातल्या एका मुलीनं ट्रेभोवती काळा पडदा लावला, आत स्वतःचा दिवा बसवला, लेन्सपुढे बदलता येणारी काच आणि हवेचा झोत दिला. लाइन सुरू! प्रेझेंटेशनमध्ये यातलं अक्षर नव्हतं. मी पैसे घातले ते त्या मुलीकडे बघून.

नुसत्या नावाला भुलू नका. अमेरिकेतली रीथिंक रोबोटिक्स बघा. संस्थापक रॉडनी ब्रूक्स, एमआयटीचे नामवंत प्राध्यापक. भांडवल सुमारे 15 कोटी डॉलर. 2012 मध्ये आलेल्या त्यांच्या बॅक्स्टर रोबोला दोन हात होते, पडद्यावर डोळेसुद्धा! पण माणसाला इजा होऊ नये म्हणून सांध्यांत स्प्रिंगा घातलेल्या, त्यामुळे बारीक कामात नेमकेपणा कमी पडला. 2018 मध्ये कंपनी बंद. डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सनं एकच साधा, नेमका रोबो-हात विकला. आपल्या बजाज ऑटोनं 2010 पासून ते हात घ्यायला सुरुवात केली आणि पुढे शंभरावर घेतले. 2015 मध्ये अमेरिकेच्या टेराडाइन कंपनीनं युनिव्हर्सल रोबोट्स 28.5 कोटी डॉलरला विकत घेतली.

दुसरं, रोखीचं गणित. सर्व्हो, म्हणजे रोबोचे सांधे हलवणाऱ्या मोटरी, नि गिअरबॉक्स बाहेरून येतात, त्याचे पैसे आधी मोजावे लागतात. गिऱ्हाईक थोडा ॲडव्हान्स देतं, बाकी मशीनची ट्रायल, म्हणजे चाचणी, पास झाल्यावर. छोट्या उद्योगाचं बिल 45 दिवसांत द्यावं असा कायदा आहे खरा, पण मशीनबद्दल लेखी तक्रार आली की ती मिटेपर्यंत दिवसांची मोजणीच अडते. धडाधड ऑर्डरी येत असताना पगाराला पैसे नसलेली कंपनी मी पाहिलीय. म्हणून नफ्याआधी मी विचारतो, तीन मशिनं एकदम ट्रायलला अडकली तर किती महिने तग धराल? मेकॅनिकल शिकलेली पोरं बहुधा लगेच आकडा सांगतात. एआयवाले एकमेकांकडे बघतात.

निव्वळ सॉफ्टवेअरच्या एआय कंपन्यांबद्दल मला विचारू नका. तिथे मी दमडीही घालत नाही.