आयशरवरून आलेली स्पीडस्टर

रेप्लिका, म्हणजे नावाजलेल्या स्पोर्ट्स कारच्या घरी बनवलेल्या नकला, यांचे फोटो पाहण्याचा मला नाद आहे, आणि त्यातल्या बहुतेक फोटोंचा रागही येतो. उन्हं कलल्यावर, जरा खालून काढलेला फोटो. मालक गाडीला टेकून उभा, डोळ्यांवर काळा चष्मा. इंजिनाचं झाकण मात्र कायम बंद, कारण ते उघडलं की आतली मारुती दिसते.

आमच्या ग्रुपवर धुळ्याच्या नानांचा पहिलाच फोटो आला तो झाकण उघडं टाकून. रुपेरी पोर्शे ३५६ स्पीडस्टर, मागच्या पोटात टाटा नॅनोचं दोन सिलिंडरचं ६२४ सीसीचं इंजिन, आणि इंजिनाशेजारी पाण्याचा तांब्या तसाच विसरलेला. खाली अहिराणीत एवढंच: "आमनी शे. दखी ल्या." आमची आहे, बघून घ्या. या माणसाला भेटायचंच, असं तेव्हाच ठरलं.

नाशिक ते धुळे रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. लळिंगचा किल्ला दिसला की धुळं आलं.

नानांचा धंदा फायबरचा. आइस्क्रीमच्या गाड्या, बागेतली घसरगुंडी, गावोगावच्या देवळांचे कळस. शेडच्या एका कोपऱ्यात मारुतीरायाची अर्धवट गदा पडली होती आणि तिच्यामागे स्पीडस्टरचा साचा. या गाडीची मापं त्यांनी खऱ्या गाडीवरून घेतलेली नाहीत, खरी गाडी त्यांनी पाहिलेलीच नाही. टेबलावर ठेवायचं एकास अठरा प्रमाणातलं मॉडेल आणलं, व्हर्निअरने जागोजागी मोजलं आणि प्रत्येक आकड्याला अठराने गुणलं. "एक मिलिमीटर चुकला की आठे अठरा चुकतस," नाना म्हणाले. पुढचे दिवे त्यांनी तीन वेळा फोडून पुन्हा बसवले, ते यामुळेच.

फायबरचं काम वाटतं तितकं सोपं नाही. साच्याला मेण, त्यावर जेलकोट, मग काचतंतूंची मॅट आणि रेझिनचे थर. रेझिनमध्ये हार्डनर टाकला की घड्याळ सुरू, आणि मे महिन्यात खान्देशात पारा ४४-४५ वर असताना ते घड्याळ पळतच सुटतं. ब्रश साच्यापर्यंत पोचण्याआधी डब्यातच दगड. म्हणून बॉडीचे थर सगळे पहाटे दिलेले, हार्डनर हात राखून. मॅटची कुसं अंगाला लागून जी खाज सुटते तिचं वर्णन त्यांनी जेवताना केलं. करायला नको होतं.

जेवण म्हणजे शेवभाजी. मला तिखट चालतं असं मी म्हटलं आणि ते सगळ्यांनी मनावर घेतलं. खान्देशी आग्रहाबद्दल मला एक तक्रार नोंदवायची आहे: "नको" हा शब्द तिथे ऐकूच जात नाही. कळण्याची भाकरी, वर ठेचा, वर पुन्हा भाकरी. दुपारी मला गाडीत बसायचं आहे, आणि ती गाडी जमिनीपासून वीतभर उंच आहे, याचा विचार कोणी केला नाही.

जेवायला आणखी दोन गाड्यांचे मालक आले होते. एक वकीलसाहेब, त्यांच्याकडे कोब्रा या स्पोर्ट्स कारची नक्कल, आत कॉन्टेसाचं १.८ लिटरचं इसुझू इंजिन. दुसरे जळगावचे दोघे भाऊ, त्यांनी ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन आणि मागची चाकं घेऊन लोटस सेव्हन उभी केलीये. दाल मिलमधला वेल्डर त्यांचा इंजिनिअर. वकीलसाहेबांनी विषय काढला की नॅनोचं इंजिन टाकून नानांनी पोर्शेचा अपमान केलाय. मग जे रंगलं त्यासाठीच मी एवढा आलो होतो, असं म्हणायला हरकत नाही.

नानांचं म्हणणं साधं होतं. पोर्शेने १९४८ साली पहिली ३५६ केली ती फोक्सवॅगन बीटलचे भाग घेऊन. म्हणजे लोकांच्या स्वस्त गाडीच्या पोटातून. स्पीडस्टर तर १९५४ ची, मुद्दाम स्वस्त केलेली. न्यूयॉर्कचा आयातदार मॅक्स हॉफमन मागे लागला म्हणून काच बुटकी केली, दाराच्या काचा काढून टाकल्या आणि किंमत तीन हजार डॉलरच्या आत बसवली. "मंग नॅनो काय वाईट? तीबी मांगे इंजनवाली, तीबी गरिबानी." आणि साहेबांची कोब्रा? १९६२ साली कॅरोल शेल्बीने इंग्लंडच्या एसी कंपनीची 'एस' नावाची गाडी घेतली आणि तिच्यात अमेरिकेतल्या फोर्डचं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं. अंग एकाचं, काळीज दुसऱ्याचं. जळगावचे भाऊ मध्ये पडले, की सेव्हन तर लोटसनेच सुट्या भागांत विकली, घरी जोडा आणि कर वाचवा म्हणून. वकीलसाहेब म्हणाले, ते सगळं खरं, पण व्ही-एट तो व्ही-एट. मग त्यांच्यात तरी कुठे व्ही-एट आहे, हे कोणीच बोललं नाही. पाहुणचार.

दुसऱ्या दिवशी गाडी पळवायला शहाद्याकडच्या एका मित्राच्या शेतात जायचं होतं. रस्त्यावर नाही, कारण नानांच्या गाडीला कागद नाहीत आणि मिळण्याची आशाही नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वकीलसाहेबांना तोंडपाठ आहे. कंपनीने जशी दिली तशीच गाडी ठेवा, हा त्याचा सारांश. त्यामुळे स्पीडस्टर प्रवास करते ती आयशर ट्रकमध्ये, ताडपत्रीखाली. ओट्याला आयशर लावली, फळ्या टाकल्या, सहा जणांनी ढकलली. दोंडाईचामार्गे निघालो.

आणि सारंगखेड्यात अडकलो. दत्तजयंतीची यात्रा आहे हे कोणाच्याच लक्षात नव्हतं. धुळ्याची माणसं आणि सारंगखेड्याचा घोडेबाजार विसरतात! एकमुखी दत्ताच्या दर्शनाची गर्दी एकीकडे, घोड्यांच्या रांगा दुसरीकडे, वर धूळ, लाउडस्पीकर, जिलेबी, आणि मध्ये आमची आयशर. मला गर्दी सोसत नाही. खाली उतरून चहा शोधत होतो, तेवढ्यात एक फेटेवाले आजोबा आयशरमागे येऊन उभे राहिले. हातात काठी, पायाशी दोन घोड्यांचे दोर धरलेला पोरगा.

"भाऊ, यामा काय शे?"

"गाडी."

"गाडीमा गाडी?"

नानांनी फाळका पाडला आणि ताडपत्री वर फेकली. गाडीचं शेपूट आमच्याकडे होतं. आजोबा हसले नाहीत. त्यांनी आधी टायर दाबून पाहिले, एकेक. मग काठीच्या टोकाने खालून रिमची आतली बाजू ठोकली. मग मागच्या गोलाईवरून तळहात असा फिरवला की मला त्या माणसाचा हेवा वाटला. मी आदल्या दिवशी याच गोलाईचे पन्नास फोटो काढले होते आणि एकदाही हात लावला नव्हता. उजव्या बाजूला, चाकाच्या वर, त्यांचा हात थांबला. तिथे एक लाट आहे. एका पहाटे हार्डनर जास्त पडला होता, ती जागा. नाना मला सकाळी म्हणाले होते की ती कोणाला दिसत नाही.

"आठे मार लागेल शे," आजोबा म्हणाले.

नाना गप्प. मग त्यांनीच झाकण उघडलं. आजोबांनी आत बघितलं, नॅनो ओळखली (त्यांच्या जावयाकडे होती), आणि मान हलवली. तोंड पुढे, काळीज मागे, हे त्यांना पटलं नसावं. पण पुढचा प्रश्न सरळ धंद्याचा होता.

"चाल दखाड."

आता आयशरवर चाल कशी दाखवणार? नानांनी नुसती सुरू केली. दोन सिलिंडरची ती फटफट ऐकून आजोबांच्या घोड्याने कान मागे टाकले. भोवती शंभरेक मोबाइल वर झाले. कोणी ओरडलं, "कितली देस?" गाडी सोन्याची असो की फायबरची, आपल्याकडे मायलेज आधी. आजोबांनी गर्दीकडे पाठ केली, खांद्यावरचं उपरणं काढून नानांच्या हातावर टाकलं आणि खाली हात घातला. बैलबाजारात बोटं दाबून भाव सांगतात तसा.

"इकानी नही शे, बाबा," नाना म्हणाले. पण हात काढला नाही. उपरण्याखाली काहीतरी हललं. नानांच्या भुवया वर गेल्या. पुन्हा हललं. मग दोघांनीही मान हलवली, आजोबांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि पोराला घेऊन गर्दीत शिरले.

किती? नाना सांगत नाहीत. मी विचारलं, वकीलसाहेबांनी उलटतपासणी घेतली, जळगावच्या भावांनी आपला अंदाज सांगून त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. संध्याकाळी धुळ्यात माईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, भरताच्या पातेल्यावरून सरळ विचारलं. उपरण्याखालचा भाव बाहेर सांगायचा नसतो, एवढंच उत्तर. बाकी सगळे मालक खर्चाचा आकडा पहिल्या पाच मिनिटांत सांगतात, आणि हा माणूस सांगत नाही, याचा मला अजून त्रास होतो.

शेतातलं चालवणं सांगायला हवं, पण ते थोडक्यात. पपईच्या बागेला लागून सरळ कच्चा रस्ता होता. स्पीडस्टरची काच माझ्या नाकापर्यंत येते, त्यामुळे डोळ्यांत वारा आणि दातांत माती. रेडिएटर नाकात आहे, मूळ गाडी हवेवर थंड व्हायची, हिला पाणी लागतं. त्याचे पाइप पायाजवळून गेलेत आणि डावी पोटरी भाजते. वेग किती होता माहीत नाही, काटा थरथरून थरथरून एका जागी ठरत नव्हता. दोन चकरांनंतर पाठ दुखायला लागली. तिसऱ्या चकरेला तरीही मीच बसलो, वकीलसाहेबांची पाळी असताना.

ग्रुपवर नानांनी फोटो टाकला तो उजव्या बाजूचा, लाट अगदी मधोमध. वकीलसाहेबांनी लगेच विचारलं, आता घासून नीट करणार का? उत्तर आलेलं नाही.

मला मात्र परवा त्यांचा फोन आला. लॅम्बोर्गिनी काउंटॅशचं एकास अठरातलं मॉडेल नाशकात मिळतं का बघ. पांढरं बघ, पांढऱ्यावर मापं घ्यायला सोपं जातं. मी दुकानात गेलो, किंमत ऐकली आणि तिथूनच फोन लावला, की एवढ्याशा खेळण्याला हे एवढे मागतायत.

"मंग भाव कर ना, भो. उपरणं शे का तुन्हाजोडे?"