उपलेटाचं शेत

मनालीत सकाळपासून पाऊस होता. नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ओलांडून टॅक्सी बाहेर आली, तर लख्ख ऊन आणि बोडके डोंगर. पाऊस सगळा रोहतांग खिंडीच्या अलीकडेच अडलेला. २०२० मध्ये बोगदा सुरू होईपर्यंत बर्फ पडला की पलीकडच्या लाहौल खोऱ्याचा रस्ता कित्येक महिने बंद असायचा.

मी आले होते उपलेट या औषधी मुळाचं झाड बघायला. आजोबांचं काष्ठौषधींचं दुकान होतं. बोटभर लांबीच्या त्या तपकिरी तुकड्यांच्या पुड्या मी शाळेत असल्यापासून बांधल्या, पण झाड कधी पाहिलं नव्हतं.

तांदीला चंद्रा आणि भागा या नद्या एकत्र येतात. तिथून केलाँगच्या वाटेवर एका घरी उतरले. घरामागच्या उतारावर माझ्या खांद्याला लागेल एवढं उपलेट उभं होतं. तिकडे त्याला कूठ म्हणतात. खाली परातीएवढी पानं, वर वाळत आलेले जांभळे, काटेरी गोंडे. घरच्या आंटीजींनी कुदळीने एक मूळ उकरून दिलं. मोडलं तर आत पिवळसर पांढरं. आधी गोड, फुलासारखा वास आला आणि मागून ओल्या लोकरीचा. दुकानातला तोच वास, फक्त जिवंत!

"तीन साल लगते हैं, बेटी," त्या म्हणाल्या. दर हिवाळ्यात वरचं सगळं मरतं, मूळ बर्फाखाली झोपतं, वसंतात पुन्हा फुटतं. पाणी ओढ्यातून काढलेल्या कुलीचं, म्हणजे पाटाचं. इथे कूठ १९२०च्या दशकात शेतात आलं आणि त्याच्यावर घरं उभी राहिली. पुढे भाव पडले, बटाटा-मटार आले. एका हंगामात पैसा देणाऱ्या पिकापुढे तीन वर्षं थांबायला लावणारं मूळ कोण लावणार? पण रानातलं कूठ इतकं ओरबाडलं गेलंय की साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने त्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत टाकलंय. म्हणून असा एकेक वाफा मला फार मोलाचा वाटतो.

शेजारच्या वाफ्यात मला नुसती माती दिसली. आंटीजींनी बोटांनी उकरून सुपारीएवढा कंद दाखवला. काला जीरा, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातलं शहाजिरं. जुलैत दाणा काढला की वर काही उरत नाही. बी बर्फ पडायच्या आधी टाकायचं. थंडी खाल्ल्याशिवाय ते रुजतच नाही, आणि रुजल्यावरही दाणा धरायला तीन-चार वर्षं घेतं. चमचाभर शहाजिरं आपण किती सहज फोडणीत टाकतो!

निघताना त्यांनी लोकरी कपड्यांची ट्रंक उघडली. घड्यांमध्ये कसर लागू नये म्हणून कूठाचे तुकडे ठेवलेले. त्यातला एक काढून त्यांनी माझ्या शालीत गुंडाळला.