निघोजला नदी कुठाय?

परवा दुपारी भाची भूगोलाच्या जोड्या लावत बसली होती. ‘रांजणखळगे’पाशी, म्हणजे नदीने कातळात कोरलेल्या खोल खड्ड्यांपाशी, तिची पेन्सिल थबकली. “निघोज!” मी आतल्या खोलीतून ओरडलो. वर, “मी जाऊन आलोय तिथे,” हेही ऐकवलं. तिने रेघ ओढली आणि पुढच्या जोडीला लागली.

शाळेत असताना नदीचं खननकार्य आलं की मी रांजणखळग्यांचीच आकृती काढायचो. काढायला सोपी, आणि रांजण ओळखीचा. आजोळी पडवीत तो कमरेपर्यंत जमिनीत पुरलेला होता. तळाचं पाणी काढायचं तर तांब्या धरून इतकं वाकावं लागे की पाय अधांतरी. आत डोकं घालून स्वतःच्या नावाने हाक मारली की कुणी मोठ्या माणसाने बोलावल्यासारखी ती परत यायची. लगेच आजी ओरडायची, “पाणी उष्टं करू नकोस रे!” तोंड न लावता, नुसत्या हाकेने पाणी उष्टं कसं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

तर निघोज म्हणजे नदीकाठी ओळीने मांडलेले रांजण, अशी माझी समजूत. चाळिशी ओलांडेपर्यंत ती कुणी मोडलीही नाही.

मग एका मे महिन्यात गेलो. शिरूर सोडून आत वळल्यावर सगळं सपाट. शेतं, धूळ, ऊन. नदीची खूण म्हणून नाही. रांजणखळगे कुठे, असं विचारलं तर तो माणूस गोंधळलाच. मग म्हणाला, “कुंडावर जायचंय व्हय?” म्हणजे पुस्तकातला शब्द गावात चालतच नव्हता. मळगंगा देवीच्या देवळापाशी गाडी लावली, चार पावलं पुढे गेलो आणि पायाखालची जमीनच संपली.

कुकडी नदी होती, पण खाली. काळ्या कातळात खोल चीर पडलेली, आणि रांजण म्हणावा तर एकही धड नाही. एकाची कड फुटून तो शेजाऱ्याच्या पोटात शिरलेला, दुसऱ्याचा तळच गेलेला, तिसऱ्यात हिरवं पाणी. माझी ती आकृती बघून बाईंनी गुण कसे दिले असतील? पलीकडच्या काठाला टाकळी हाजी. तो पुणे जिल्हा, हा नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर. मळगंगा मात्र दोन्हीकडे.

एका कोरड्या खळग्यात उतरून बसलो. बाहेरचा कातळ खरबरीत, आतली भिंत घोटून घोटून गुळगुळीत केलेली. हात फिरवतच राहावंसं वाटतं. तळाशी सुपारीएवढे खडे पडले होते. कारागीर हेच! पुराबरोबर आलेला खडा खाचेत अडकतो, भोवऱ्यात गरगरत कातळ घासतो, घासता घासता स्वतः झिजतो, आणि पुढच्या पुराला दुसरा खडा कामावर हजर. वाल्याने खडे टाकून सात रांजण भरले म्हणतात. इथे खड्यांनीच रांजण कोरले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून एक हाक मारली. परत काही आलं नाही. खळगा फार उथळ असावा.

वर देवळापाशी एक आजी सावलीला बसल्या होत्या. त्यांना म्हटलं, नदीला पाणी कसं नाही?

“पाणी असलं की लोकं म्हनत्यात खळगं कुठंयत. खळगं दिसलं की म्हनत्यात नदी कुठाय. आमी काय करावं?”

खिशात एक खडा टाकला होता. त्यांच्यासमोर उगीच चोरी केल्यासारखं वाटायला लागलं. परत जाऊन काठावरूनच टाकून दिला, तर तो भलत्याच खळग्यात जाऊन पडला.

पावसाळ्यात एकदा जाऊन यायला हवं, असं दोन वर्षं म्हणतोय.