बाबांचे कान, माझे बड्स आणि फोनमधले चार-चार आवाज

गेले दोन-तीन महिने आमच्या घरी सगळे बाबांशी ओरडून बोलत होते. म्हणजे समोरासमोर नाही, फोनवर. चिपळूणहून आत्याचा फोन आला की बाबा हॅलो हॅलो करत गॅलरीत जाणार, मग तिकडून ती जोरात बोलणार, इकडून हे जोरात बोलणार, आणि शेवटी फोन आईच्या हातात. आई म्हणायची, अहो तुमचे कान गेलेत आता, दाखवून घ्या एकदा. मीपण तेच म्हणत होते. बाबा ७१ वर्षांचे, त्यामुळे कुणाला वेगळं काही सुचलंच नाही.

बाबा मात्र एकच गोष्ट सांगत होते, "अगं, तुम्ही घरात बोलता ते मला सगळं ऐकू येतं की." आणि खरंच येत होतं. कुकरच्या शिट्ट्या ते गॅलरीत पेपर वाचताना मोजायचे, टीव्हीचा आवाज त्यांनी कधी वाढवला नव्हता. हे सगळं आमच्या डोळ्यासमोर होतं तरी आम्ही त्यांचं ऐकलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग एका रविवारी ते आंघोळीला गेले होते आणि त्यांच्या फोनवर आत्याचा फोन आला तो मी उचलला. मला पण काही ऐकू येईना! कान दाबून धरला फोनवर तरी खोल विहिरीतून बोलल्यासारखं. आत्याला म्हटलं थांब, स्पीकरवर टाकते, स्पीकरवर एकदम खणखणीत. म्हणजे नेटवर्क ठीक, आत्याचा फोन ठीक, बाबांचे कान पण ठीक, गडबड त्या वरच्या छोट्या इअरपीसमध्ये.

फोन खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरका धरून बघितला. स्क्रीनच्या वर जी बारीक फट असते, ज्यातून कॉलचा आवाज येतो, तिच्यावर नवीन स्क्रीन गार्ड अर्धा चढलेला होता. स्टेशनबाहेर बसवून घेतला होता तो, किंचित वर सरकलेला. आणि फटीच्या आतल्या जाळीवर खिशातला कापसासारखा करडा मळ घट्ट बसलेला, त्यावर घाम, त्यावर परत धूळ. गार्ड काढला, फोन उलटा म्हणजे फट जमिनीकडे करून धरला आणि एक जुना मऊ टूथब्रश, एकदम कोरडा, हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवत राहिले. पाचेक मिनिटांत वर्तमानपत्रावर राखाडी रेघ पडली. टाचणी घालू नका प्लीज, जाळी फाटते किंवा मळ अजून आत जातो. तोंडाने फुंकर पण नको, श्वासातला ओलावा आत जातो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात आधीच काय कमी ओल असते का. सॅनिटायझर, पाणी यातलं काहीच नको.

आवाज बराच सुधारला पण पूर्ण नाही. आणि मग जे कळलं त्यासाठीच खरं तर ही पोस्ट लिहितेय.

फोनमध्ये आवाज एक नसतो. गाण्या-व्हिडिओचा म्हणजे मीडियाचा वेगळा, कॉलचा वेगळा, रिंगचा वेगळा, अलार्मचा वेगळा. बाजूचं बटण एकच असतं म्हणून आपल्याला वाटतं आवाज पण एकच आहे. अँड्रॉइडवर साधारणपणे कॉल चालू नसताना बटण दाबलं की मीडियाचा आवाज हलतो, कॉलचा जागेवरच राहतो. बाबा काय करायचे, कॉल संपला की वैतागून बटण दाबून दाबून पट्टी फुल करायचे, स्क्रीनवर पट्टी भरलेली दिसायची, आणि पुढच्या कॉलला परत तेच. कॉलचा आवाज सगळ्यात खालच्या पायरीच्या जवळ होता. मी स्वयंपाकघरातून त्यांना फोन लावला, म्हटलं बाबा आता कानाला लावून बोलत बोलतच वरचं बटण दाबा. त्यांनी दाबलं आणि लगेच फोन कानापासून लांब धरला. "अगं हळू!" म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

अजून एक गोष्ट त्यांच्याच फोनवर सापडली ती व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजची. फोन कानाजवळ नेला की वरच्या बाजूचा सेन्सर ओळखतो आणि आवाज मोठ्या स्पीकरवरून काढून इअरपीसमध्ये टाकतो. चांगली सोय आहे. पण नीट ऐकू यावं म्हणून माणूस फोन चेहऱ्याजवळ आणतो किंवा अंगठा नेमका सेन्सरवर ठेवतो आणि आवाज गपकन खाली जातो, स्क्रीन पण काळी होते. फोन बिघडलेला नसतो. गार्ड सेन्सरवर आला असेल तरी हेच होतं. तेव्हा व्हॉइस मेसेज एकतर टेबलावर ठेवून ऐकायचा नाहीतर सरळ कानाला लावून, मधलं अंतर नको.

आता माझ्या बड्सची, म्हणजे कानात घालायच्या बिनवायरच्या इअरफोनची गोष्ट, ही मला जास्त छळत होती. रात्री सगळे झोपले की मी अर्धा-पाऊण तास काहीतरी ऐकत पडते. नवीन बड्स घेतले, कंपनी कुठली ते जाऊ दे, आणि पहिल्याच रात्री लक्षात आलं की सगळ्यात खालच्या पायरीवर पण आवाज कानात घुसतोय. एक पायरी खाली केलं की एकदम शून्य, एक वर केलं की परत धाडकन. मधलं काही नाहीच. दुकानदार म्हणाला पीस असाच आहे, घ्यायचा तर महागातला घ्या. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात एकाला विचारलं, तो म्हणाला फोन फॉरमॅट मारा. दोन्ही सल्ले चुकीचे होते.

प्रकार असा आहे. पूर्वी ब्लूटूथवर दोन आवाज असायचे, फोनचा एक आणि हेडफोनचा एक, आणि कानात पडायचं ते दोघांचं मिळून. फोन अर्ध्यावर, हेडफोन अर्ध्यावर, तर आवाज एकदम बारीक. लोक गोंधळायचे म्हणून नंतर दोघांना एकत्र बांधलं, त्याला ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम म्हणतात. फोन आणि हेडफोन एकमेकांशी प्ले, पॉज, पुढचं गाणं हे ज्या भाषेत बोलतात तिचं नाव एव्हीआरसीपी, तिच्या १.४ आवृत्तीत हे आलं. यात फोन गाण्याचा आवाज स्वतः कमी करत नाही, गाणं पूर्ण ताकदीने पाठवतो आणि सोबत ० ते १२७ मधला एक आकडा पाठवतो, की बाबा रे तू इतक्यावर वाजव. बारीक-मोठं करायचं काम हेडफोनचं. आता बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये मीडियाच्या पायऱ्या असतात १५, म्हणजे एकेका पायरीला साधारण आठ-नऊने आकडा उडी मारतो, आणि हेडफोन बनवणाऱ्याने खालच्या आकड्यांना किती आवाज द्यायचा हे नीट बसवलं नसेल तर पहिल्याच पायरीला कानठळ्या. उलट पण होतं, फोनवर पट्टी हलते पण कानात काहीच बदलत नाही.

यावर अँड्रॉइडमध्ये उपाय आहे पण लपवून ठेवलेला. सेटिंग्ज, अबाउट फोन, तिथे बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करायचं (काही फोनमध्ये तो सॉफ्टवेअर इन्फर्मेशनच्या आत असतो), की डेव्हलपर ऑप्शन्स नावाचा नवीन मेनू उघडतो. त्यात खाली खाली गेलं की ब्लूटूथच्या भागात डिसेबल ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम असं बटण दिसतं. ते चालू करायचं, ब्लूटूथ बंद करून परत चालू करायचं, नाही जमलं तर फोन रिस्टार्ट. सॅमसंगच्या काही फोनमध्ये इतकं पण करावं लागत नाही, ब्लूटूथच्या स्क्रीनवर तीन टिंबांत मीडिया व्हॉल्यूम सिंक असतं ते बंद केलं की तेच काम होतं.

पण हे करताना बड्स कानात ठेवू नका, हे मनापासून सांगते. दोन्ही आवाज सुटे झाले की बड्सचा स्वतःचा आवाज कुठे अडकून राहिलाय ते कळत नाही, तो फुलवर असेल आणि फोन पण वर असेल तर कानाची वाट लागेल. आधी फोन एकदम खाली, मग गाणं लावायचं, मग बड्स कानाजवळ आणून अंदाज घ्यायचा आणि मगच आत घालायचे. माझ्या बड्सना टच करून आवाज कमी-जास्त करता येतो, तो मी मधे आणून ठेवला, आणि आता रात्री फोनच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर मस्त बारीक ऐकू येतं, शेजारच्या खोलीतला पंखा ऐकू यावा इतकं बारीक.

एक अडचण आहे. काही बँकांची ॲप्स डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले की उघडतच नाहीत. आणि डेव्हलपर ऑप्शन्स बंद केले की हे सेटिंग पण मूळपदावर येतं. त्यामुळे माझ्या मैत्रिणीने हा मार्ग सोडला आणि आधी बड्सच्या कंपनीचं ॲप टाकून फर्मवेअर म्हणजे बड्सच्या आतलं सॉफ्टवेअर अपडेट केलं, तिचं तेवढ्यानेच सुटलं. खरं तर क्रम तोच बरोबर, आधी फोनमधून बड्स फरगेट करून म्हणजे जुनी जोडणी पुसून परत पेअर करायचे, मग अपडेट, आणि मग डेव्हलपर ऑप्शन्स.

आयफोनवाल्यांना हा ॲब्सोल्यूट व्हॉल्यूमचा स्विच नाही. तिथे आवाज अचानक कमी होतो अशी तक्रार असते ती बहुतेक वेळा हेडफोन सेफ्टीमधल्या रिड्यूस लाउड ऑडिओमुळे असते, आणि आयफोन ब्लूटूथ स्पीकरला हेडफोन समजून बसला असेल तर ब्लूटूथमध्ये नावाशेजारच्या आय वर जाऊन डिव्हाइस टाइप बदलायचा. रिंगचा आवाज बटणाने हलत नसेल तर साउंड्समध्ये चेंज विथ बटन्स बघा.

एकाच कानात कमी ऐकू येत असेल तर त्या कानातला बड काढून त्याची जाळी बघा. बहुतेक कानातला मळ असतो. तोच कोरडा मऊ ब्रश. जाळी स्वच्छ असूनही फरक असेल तर ॲक्सेसिबिलिटीत डावं-उजवं बॅलन्सची पट्टी असते, ती चुकून सरकलेली असू शकते.

सोसायटीच्या गणपतीत ब्लूटूथ स्पीकरवर आरती लावताना दर वर्षी कुणाच्या तरी फोनचं नोटिफिकेशन मंडपभर वाजतं, तर त्यावर एवढंच की ज्याचा फोन जोडलाय त्याने डू नॉट डिस्टर्ब लावावं. आवाज फाटत असेल तर आधी स्पीकरची बॅटरी बघा.

लोकलबद्दल मात्र थांबून बोलायचंय. मी रोज मुलुंड ते सीएसएमटी जाते, जाऊन-येऊन दोन तास तरी. कुर्ल्याच्या पुढे गाडीने वेग घेतला की दारातून येणारा खडखडाट, पंखे, बायकांच्या गप्पा, या सगळ्यावर गाणं ऐकू यावं म्हणून आपण पट्टी चढवत जातो, आणि दादरला गाडी थांबली की कळतं आपण केवढ्याने ऐकत होतो. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की मोठ्या माणसाने ८० डेसिबल (आवाज मोजायचं माप) आठवड्याला ४० तास, लहान मुलांनी ७५ डेसिबल तेवढेच तास ऐकावं, जास्त नको. आणि दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते, त्यामुळे ९० डेसिबलला आठवड्याचे फक्त ४ तास उरतात. माझे सहा दिवसांचे १२ तास होतात! हे गणित मांडल्यावर मी आवाज वाढवायचं सोडून कानाला नीट बसणाऱ्या रबरी टिप्स शोधल्या, डब्यात तीन मापं असतात त्यातली सगळ्यात लहान मला लागते हे मला वर्षभर माहीत नव्हतं. टिप घट्ट बसली की बाहेरचा आवाज बराच अडतो आणि पट्टी तीन-चार पायऱ्या खाली चालते. फक्त प्लॅटफॉर्मवर एक बड काढायचा, अनाउन्समेंट ऐकू आली पाहिजे.

बाबांना शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे नेलंच, या वयात एकदा बघून घेतलेलं बरं म्हणून. बंद खोलीत हेडफोन लावून तपासणी झाली. वयामुळे वरच्या पट्टीतले आवाज थोडे कमी ऐकू येतात, डाव्या कानाला जरा जास्त, पण मशीन लावण्याइतकं काही नाही. घरी येऊन त्यांनी माझ्याकडून बॅलन्सची पट्टी डावीकडे थोडीशी सरकवून घेतली, आकाशवाणीच्या बातम्या लावल्या, म्हणाले अजून एक कणभर. मग आत्याला स्वतःहून फोन लावला. ती सवयीने ओरडायला लागली तेव्हा यांनी फोन कानापासून लांब धरला आणि आईकडे बघितलं. आई काही बोलली नाही, चहा ठेवायला आत गेली.