बीटलचा डायनेमो: उतरवला, भरून घेतला, बसवला

बहुतेक गाड्यांत चार्जिंगचा लाल दिवा लागला तर माणूस रेडिओ-एसी बंद करून कसंबसं घर गाठतो. फोक्सवॅगन बीटलमध्ये ती मुभा नाही. हिच्या इंजिनाला पाणी नाही, रेडिएटर नाही. इंजिन गार ठेवणारा पंखा डायनेमोच्याच, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्याच, शाफ्टवर बसवलेला आहे: मागच्या टोकाला पुली, पुढच्या टोकाला पंखा, मधे डायनेमो. पट्टा तुटला की चार्जिंग गेलं, आणि त्याच क्षणी हवाही गेली. म्हणून दिवा ठळक पेटला तर गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि मागचं झाकण उघडून आधी पट्टा बघायचा. बडोद्याच्या मे महिन्यात, भरूचच्या रस्त्यावर, "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" म्हणणाऱ्याचं इंजिन पंपापर्यंत पोचेलच असं नाही.

माझी गाडी १९६८ची, मामांकडून आलेली, बारा व्होल्टची. तिचा दिवा ठळक पेटला नव्हता. रात्री हेडलाइट लावले की मंद लालसर दिसायचा; दिवसा उन्हात तर कळायचाही नाही. पट्टा शाबूत, ताणही बरोबर. पण रेस दिली तरी बॅटरीवर मीटर सव्वाबाराच्या वर सरकेना. डायनेमो काम करत असेल तर तिथे चौदाच्या आसपास दिसायला हवं. आता दोष एक तर डायनेमोत, नाही तर त्याचं व्होल्टेज आवरणाऱ्या, मागच्या सीटखालच्या रेग्युलेटरमध्ये, नाही तर दोघांमधल्या वायरीत.

हे वेगळं काढायची चाचणी सोपी आहे, पण गल्लत नेमकी इथेच होते. आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांचा हात अँबॅसॅडरवर बसलेला, म्हणजे ल्युकासच्या डायनेमोवर. त्याच्या फील्डचं, म्हणजे चुंबकत्व तयार करणाऱ्या वेटोळ्याचं, एक टोक आतूनच बॉडीला असतं आणि दुसऱ्याला बाहेरून करंट द्यावा लागतो. म्हणून तिथे डी (वीज बाहेर देणारं टोक) आणि एफ (फील्डचं टोक) एकमेकांना जोडून व्होल्टेज बघतात. बीटलमधल्या बॉशचं उलट. इथे फील्ड आतून डी-प्लसला जोडलेलं असतं आणि डीएफचं टोक रेग्युलेटरमार्फत बॉडीला जातं. तेव्हा चाचणीत डीएफ बॉडीला लावायचा. मी डायनेमोवरच्या दोन्ही वायरी काढल्या, डीएफवरून वायरचा एक तुकडा बॉडीला टाकला, मीटर डी-प्लस आणि बॉडीच्या मधे लावला आणि इंजिन सुरू केलं. रेग्युलेटरचा लगाम नसल्यामुळे चांगल्या डायनेमोचं व्होल्टेज अशा वेळी झरझर चढतं, इतकं की चाचणी काही सेकंदांत आटपावी लागते. माझं दोन-तीन व्होल्टवर घुटमळत राहिलं. म्हणजे शिल्लक चुंबकत्वातून येतं तेवढंच. रेग्युलेटर आणि वायरिंग दोन्ही सुटले.

फिरत्या भागाला टेकून वीज काढून घेणारे कार्बन झिजले असतील तर डायनेमो न उतरवताही बदलता येतात, म्हणून डायनेमोच्या बाजूच्या खिडकीतून टॉर्च मारून पाहिलं. कार्बनची लांबी ठीक होती. पण कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर काळाठिक्कर पडला होता आणि कव्हरच्या आतल्या भिंतीवर कथलाचे बारीक चंदेरी मणी चिकटले होते. आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा वेटोळ्यांचा भाग, इतकं तापलं होतं की कम्युटेटरचं सोल्डर वितळून भिरकावलं गेलं होतं. यावर नवे कार्बन हा इलाज नाही.

ओळखीतल्या ज्याला-त्याला विचारलं, त्या सगळ्यांनी अल्टरनेटर बसवायला सांगितलं. सल्ला चुकीचा नाही. अल्टरनेटर संथ इंजिनावरही चार्ज करतो, कंपनीनेही पुढे सत्तरच्या दशकात तोच दिला. पण त्याला वेगळं स्टँड लागतं, पंख्यामागची वेगळी प्लेट लागते, आणि हे सगळं बाहेरून मागवायचं. माझ्या गाडीत हेडलाइट, वायपर आणि हॉर्न याखेरीज वीज खाणारं काही नाही. तीस अँपिअरचा डायनेमो तिला पुरून उरतो, आणि तो गावात भरून (नव्या तारेची वेटोळी घालून) मिळत असेल तर मला दुसरं काही नको होतं.

उतरवायला सकाळी लवकर बसलो, कारेलीबागेत दहानंतर अंगणात हात लावला तरी लोखंड पोळतं. मदतीला भाचा. सीटखालच्या बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली. मग पुली. तिच्या आतल्या अर्ध्या भागाला एक खाच असते. तिच्यात स्क्रू ड्रायव्हर घालून डायनेमोच्या वरच्या बोल्टला टेकवायचा, म्हणजे पुली फिरत नाही आणि २१च्या पान्याने नट सुटतो. पुली दोन अर्धांची असते, मधे पातळ वायसर. हे वायसर काढले तशा क्रमाने तारेत ओवून ठेवले, कारण पट्ट्याचा ताण यांच्यावरच अवलंबून.

कार्ब्युरेटर काढावाच लागतो, नाहीतर डायनेमो मागे सरकायला जागाच नाही. पेट्रोलची नळी काढून तिच्या तोंडात बोल्ट खुपसला, अ‍ॅक्सिलरेटरची केबल आणि चोकची वायर सोडवली, दोन नट, झालं. मॅनिफोल्डच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं. त्या भोकात एखादा वायसर पडला तर पुढची गोष्ट डायनेमोची राहत नाही. डायनेमो ज्या पट्टीने स्टँडवर आवळलेला असतो ती एका बोल्टवर सुटली.

खरं काम पंख्याच्या पत्र्याशी, म्हणजे पंख्याभोवतीच्या पत्र्याच्या आवरणाशी. डायनेमोमागची गोल प्लेट त्या पत्र्याला १०च्या चार बोल्टांनी धरलेली असते. वरचे दोन दिसतात. खालचे दिसत नाहीत, आणि तिथे हात घातला की आपलाच हात आपल्याला दिसत नाही. आखूड रिंग पाना घेऊन बोटांनी बोल्टचं डोकं चाचपायचं, पाना बसवायचा, एक आटा फिरवायचा, पाना काढायचा, पुन्हा चाचपायचं. इथे घाई करणारे बोल्टचं डोकं गोल करून ठेवतात. चारही निघाल्यावर पत्र्याचे बाजूचे दोन स्क्रू काढले, खालून थर्मोस्टॅटची तार सोडवली आणि भाच्याने पत्रा थोडा वर उचलून धरला.

"मामा, लवकर, हात भरून आले!"

डायनेमो पंख्यासकट बाहेर आला. पंख्याच्या पात्यांवर तेल आणि धूळ यांचा थर जमला होता. तो रॉकेलने धुतला, कारण एका बाजूला जास्त मळ असेल तर पंखा थरथरतो आणि ती थरथर बेअरिंग खाते.

पंख्याचा नट ३६चा. हाच पाना मागच्या चाकाच्या नटालाही लागतो आणि फ्लायव्हीलच्या नटालाही, म्हणून बीटलवाल्याच्या घरी तो असतोच. नट सुटल्यावर पंख्यामागचे वायसर जपून ठेवायचे. पंखा आणि प्लेट यांच्यातलं दोनेक मिलिमीटरचं अंतर त्यांनीच राखलेलं असतं.

आर्मेचर मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका वाइंडरकाकांनी भरलं. त्यांनी ते आधी ग्राउलरवर (आर्मेचर तपासायच्या विद्युतचुंबकावर) फिरवून करवतीचं पातं वर धरलं. एका खाचेवर पातं तडतडलं. म्हणजे आत वेटोळे शॉर्ट. भरून झाल्यावर कम्युटेटर लेथवर घेतला आणि तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक घासलेल्या पात्याने कोरून खाली नेला. तो तांब्याच्या पातळीला राहिला तर कार्बन त्याच्यावर उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात. बेअरिंग नवीन घातल्या. कार्बन मापाचे नव्हते. मोठे घेऊन काचेवर एमरी ठेवून घासून बसवले, आणि मग बारीक एमरी कम्युटेटरवर गुंडाळून त्यांना गोलाई दिली.

मग टेबलावर बॅटरी लावून फिरवून बघायचं ठरलं. चांगला डायनेमो मोटरसारखा फिरतो, आणि त्यातच त्याच्या ध्रुवांना योग्य दिशा मिळते. काकांनी सवयीने डी आणि डीएफ एकत्र करून पॉझिटिव्ह दिला. डायनेमो ढिम्म. वायर तेवढी गरम झाली.

"साहेब, आ तो फरतो ज नथी."

मी डीएफची वायर बॉडीला लावायला सुचवलं, कारण पॉझिटिव्ह दोन्हीकडे दिला तर फील्डमध्ये करंट जायला वावच राहत नाही. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, वायर हलवली, आणि शाफ्ट अलगद फिरायला लागला. पुलीच्या बाजूने पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, जसा हवा तसा. काकांनी लगेच भिंतीवर खडूने दोन्ही जोडण्यांचं चित्र काढून खाली "ल्युकास" आणि "बॉश" लिहून ठेवलं. बिल घेताना त्यांनी मला चहा पाजला, त्यामुळे घासाघीस करायची राहूनच गेली.

बसवताना प्लेटला जी हवेची खाच असते तिचं तोंड खाली आहे का, एवढं बघून घ्यावं. पंख्याचा नट आवळल्यावर हाताने पंखा फिरवून कान लावायचा. पत्र्याला जरासुद्धा घासता कामा नये. जाड वायर डी-प्लसला, बारीक डीएफला. इथे अदलाबदल झाली तर रेग्युलेटर जळतो.

पट्ट्याचा ताण सर्वात शेवटी. मधला वायसर कमी केला की पुलीचे दोन अर्ध जवळ येतात, पट्टा वर चढतो आणि ताण वाढतो. काढलेला वायसर फेकायचा नाही, नटाखाली बाहेर लावायचा, म्हणजे एकूण संख्या तीच राहते. नट आवळताना इंजिन हाताने थोडं थोडं फिरवत राहायचं, नाहीतर पट्टा दोन अर्धांच्या मधे चिमटतो. अंगठ्याने दाबल्यावर दीड सेंटिमीटरच्या आसपास दबला पाहिजे. याहून ताठ केला तर नवीन बेअरिंगचे हाल, ढिला ठेवला तर पंखा मंदावतो.

दोन्ही बाजूंचे पत्रे आणि रबर जागच्या जागी आहेत की नाही तेही पाहिलं. आपल्याकडे बऱ्याच बीटलमध्ये ही रबरं केव्हाच गायब झालेली असतात, आणि मग पंखा सिलिंडरखालची गरम हवाच परत ओढून इंजिनावर सोडतो.

सुरू केल्यावर संथ इंजिनावर दिवा किंचित लुकलुकतो. डायनेमोच्या गाडीत ते चालायचंच. रेस दिली की विझतो, आणि बॅटरीवर १४ दाखवतो. हेडलाइट लावून रात्री सूरसागर तलावाला एक चक्कर मारली तरी आकडा खाली आला नाही. पट्टाही नवाच घातला होता; तो थोडा चालल्यावर सैल पडला, तेव्हा मधला एक वायसर काढून बाहेर लावला. रेग्युलेटरचे पॉइंट्स थोडे करपलेले दिसतात. ते पावसाळ्यानंतर बघणार आहे.